शास्त्राप्रमाणे डोंगराचं वय

दिल्लीहून परत आले तेव्हा जो भेटेल तो एकच विचारायचा, "लाल किल्ला पाहिलास का?" नाही पाहिला. "कुतुबमिनार?" मेट्रोच्या खिडकीतून, तोही लांबून. "मग इतके दिवस केलंस काय तिथे?" डोंगर पाहिला. हे ऐकून माणूस एकतर हसायचा, नाहीतर कीव आल्यासारखं बघायचा. दिल्लीत कुठला आलाय डोंगर! म्हणून सगळं एकदाच लिहून काढते. ज्यांना जायचंय त्यांनी वाचून जावं, ज्यांना जायचं नाही त्यांनी निदान मला लाल किल्ल्याचं विचारू नये.

आधी माझ्याबद्दल थोडं. आम्ही वडार. आजोबांनी दगड फोडला, वडिलांनी फोडला, आईने खडीच्या पाट्या उचलल्या. घरातून कॉलेजात गेलेली पहिली मी, आणि तिथे जाऊनही मी दगडच निवडला. भूशास्त्राला प्रवेश घेतला तेव्हा वडील म्हणाले, "एवढं शिकायचं आणि परत दगडच का गं?" मी म्हटलं, "तुम्ही तो फोडला. मी त्याला विचारणार, तू आलास कुठून." हे मी मिरवायला सांगत नाही. म्हणजे, थोडं मिरवायलाच सांगते. आता नगरकडे विहिरी आणि बोअरसाठी पाण्याच्या जागा शोधून देते. हातावर नारळ ठेवून नव्हे, यंत्र लावून.

साळवेकाका मूळचे आमच्याच तालुक्यातले. केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला गेले आणि तिथलेच झाले. गेल्या हिवाळ्यात ते पुतणीच्या लग्नाला गावी आले होते. चर्चच्या अंगणात जेवणाच्या पंगतीत मी त्यांच्या शेजारी बसले होते. मी दगडांचं शिकलेय म्हटल्यावर त्यांनी पत्रावळीवरचा हात थांबवला.

"आमच्या दिल्लीच्या द्वारकेत मराठी मुलं आहेत," ते म्हणाले. "त्यांना दगड म्हणजे बाथरूमच्या टाइल्स. तू जूनमध्ये ये. त्यांना टेकडी दाखव, डोंगर दाखव, आणि ही सृष्टी कशी झाली ते शास्त्राप्रमाणे सांग."

"शास्त्राप्रमाणेच सांगणार, काका."

"नक्की?"

"दुसऱ्या कशाप्रमाणे मला सांगताच येत नाही."

त्यांनी हात धुतल्यावर माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "अशी माणसं राहिली नाहीत गं आता." मला वाटलं, केवढा विज्ञानप्रेमी माणूस!

द्वारका

द्वारकेत साळवेकाकांच्या सोसायटीवरून विमानं इतकी खाली जातात की पोटावरची अक्षरं वाचता येतात. त्यामुळे तिथल्या लोकांना एक सवय लागलीय. विमान आलं की बोलणारा माणूस वाक्याच्या मध्येच थांबतो, ऐकणाराही थांबतो, आणि विमान गेलं की वाक्य तिथूनच पुढे सुरू होतं. मी पहिल्या दिवशी तीन वेळा ओरडत राहिले आणि सगळे माझ्याकडे बघत राहिले.

काकांच्या पत्नी शकुंतलामावशी. त्यांनी रात्रीच्या जेवणाला मटणाचा रस्सा आणि बाजरीची भाकरी केली होती. जूनमध्ये बाजरीचं पीठ मागितलं म्हणून दुकानदार त्यांच्यावर हसला होता. तिकडे बाजरी फक्त थंडीत खातात, उन्हाळ्यात खाल्ली तर अंगात आग पडेल म्हणतात. मी म्हटलं, आमच्याकडे बारा महिने खातो, म्हणून आम्ही असे तापट. काका हसले. मग त्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली, आणि डोंगर, दऱ्या व आमची अनिता घडवणाऱ्या देवाचे आभार मानले. डोंगरांच्या रांगेत माझं नाव आलेलं मला आवडलं.

"मुलं किती येणार उद्या?" मी विचारलं.

"मुलं कुठली? सुट्टी आहे, सगळी आजोळी गेली. आपली रूथ आहे ना."

रूथ म्हणजे त्यांची धाकटी. नुकतीच बारावी झालेली, बोलायला लाजरी, आणि मराठी बोलताना दर वाक्यात एक शब्द हिंदीकडून उसना घेणारी. तिने मला तिची खिडकी दाखवली. कट्टाभर दगड. मेट्रोच्या खोदकामातला एक, सेक्टरच्या मैदानातला एक, कुठल्या कुठल्या सहलीतले. त्यातला एक पांढराशुभ्र मी उचलला.

"ही गारगोटी."

"गारगोटी? मतलब गारेगार?" तिने तो गालाला लावून पाहिला. "सच में थंड आहे, ताई."

मावशी भांडी आवरता आवरता हळूच म्हणाल्या ते ऐकून मला कळलं की ही सहल मुळात या एकीसाठीच होती. रूथला भूशास्त्राला जायचं होतं. गुण होते, प्रवेश मिळण्यासारखा होता. विषयांची पसंती भरायला परवा संध्याकाळपर्यंतची मुदत होती. काकांचं म्हणणं होतं, कॉमर्स घे. दगडांचं शिकवणारे लोक देवाला मानत नाहीत आणि मुलगी हातची जाते, असं त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं. मग त्यांना मी भेटले.

"तुझ्यावर फार भरवसा टाकलाय त्यांनी," मावशी म्हणाल्या. "म्हणाले, ती शिकलेली आहे आणि शास्त्र मानणारी आहे. ती म्हणाली तर रूथला जाऊ देतो."

"आणि रूथने त्यांना न विचारताच भरलं तर?"

मावशींनी मान हलवली. "नाही भरणार. बापाचं मन मोडून ती पाणीसुद्धा पिणार नाही."

हिंदूरावची टेकडी

दुसऱ्या दिवशी मेट्रोने उत्तर दिल्लीला गेलो. तिथे एका लांबट टेकडीवर झाडी आहे, जुने रस्ते आहेत आणि मोठं सरकारी इस्पितळ आहे. भागाला नाव हिंदूराव. ग्वाल्हेरहून आलेल्या आणि इथे राहिलेल्या एका मराठी सरदारावरून ते पडलं. काकांना याचा एवढा अभिमान की रिक्षावाल्यालाही त्यांनी थांबवून सांगितलं, "हिंदूराव हमारे थे." रिक्षावाला म्हणाला, "जी, मेरा तो बच्चा वहीं पैदा हुआ था." दोघांचंही समाधान झालं.

जोशीकाका तिथे येऊन थांबले होते. ते काकांचे कचेरीतले जुने मित्र, एकाच खोलीत समोरासमोर टेबलं. आता दोघंही निवृत्त, पण भांडण अजून चालू. काका त्यांना जोश्या म्हणतात, ते काकांना साळवेसाहेब म्हणतात, आणि त्यातला साहेब टोमण्याचा असतो. त्यांनी खास माझ्यासाठी बाकरवडी आणली होती. पिशवीची गाठ सोडतात न सोडतात तोच भिंतीवरून एक माकड उतरलं, पिशवी घेतली आणि वर जाऊन बसलं.

"गेली पुण्याची बाकरवडी," जोशीकाका म्हणाले.

"गेली कुठे? योग्य माणसाला मिळाली," साळवेकाका म्हणाले.

वर एक उघडा खडक आहे. सकाळच्या उन्हात तो गुलाबी, राखाडी आणि गंजासारखा तांबूस दिसत होता. मी आयुष्यभर काळा पाषाण पाहिलेली बाई. आमच्याकडचा दगड ज्वालामुखीच्या रसाचा. थरावर थर, काळा, जड. हा वेगळाच. जंगल राखीव आहे, हातोडी चालवायची नाही, म्हणून रस्त्याकडेला पडलेला एक तुकडा उचलला आणि दुसऱ्यावर आपटला. खणखणीत वाजला. रूथच्या हातात दिला.

"जवळून बघ. साखरेसारखे कण दिसतात? ही वाळू होती. उथळ पाण्याच्या काठची वाळू. ती खोल गाडली गेली, वरून ओझं आलं, आतून उष्णता आली, आणि कण एकमेकांत वितळल्यासारखे चिकटले. इतके, की आता फुटला तर कणाच्या बाजूने फुटत नाही, कणाच्या आरपार फुटतो."

रूथने तुकडा डोळ्याला लावला. "कितना पुराना, ताई?"

"आपला सह्याद्री साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. हा शंभर कोटींच्या खूप मागचा. सह्याद्रीचा रस जमिनीवर आला तेव्हासुद्धा हा म्हातारा होता."

मला वाटलं होतं काका टाळी देतील. ते रुमालाने मानेचा घाम पुसायचे थांबले होते.

"अनिता," ते म्हणाले, "मी तुला शास्त्राप्रमाणे सांगायला सांगितलं होतं."

"शास्त्राप्रमाणेच सांगतेय, काका."

"कुठल्या शास्त्राप्रमाणे?"

"भूशास्त्राप्रमाणे."

"अगं बाई!" ते खडकावरच बसले. "शास्त्र म्हणजे शास्त्र! आमचं पवित्र शास्त्र!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या गावात निम्मी वस्ती ख्रिस्ती. शाळेपासून मैत्रिणींच्या घरी ऐकलेलं, "शास्त्रात असं आहे," "शास्त्र वाचलं का?" त्यांच्या घरात शास्त्र म्हणजे धर्मग्रंथ, आमच्या कॉलेजात शास्त्र म्हणजे विज्ञान, आणि मी दोन्ही घरांत वाढूनही पंगतीत बसून होय होय म्हणत राहिले. मला हसू आलं. मग रूथकडे पाहिलं आणि हसू गेलं. तिच्या हातातला तुकडा तिने मुठीत गच्च धरला होता.

"देवाने सहा दिवसांत सगळं केलं," काका म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, दुखावलेला होता. "पिढ्या मोजल्या तर सहा हजार वर्षं होतात. मी रविवारच्या शाळेत मुलांना हेच शिकवतो. आणि माझ्याच मुलीसमोर मी माणूस बोलावला तो शंभर कोटी सांगणारा!"

जोशीकाकांना राहवेना. "पण कोटी बरोबर आहेत हां साळवेसाहेब. आमच्याकडे आधीपासून लिहून ठेवलंय. कल्प म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस. चारशे बत्तीस कोटी वर्षं! अनिता, तुमच्या पुस्तकातही कल्पच म्हणतात ना?"

म्हणतात. खोटं कसं सांगू? पृथ्वीच्या काळाचे जे मोठे भाग पाडलेत, त्यांना मराठी पुस्तकांत कल्प असाच शब्द आहे. मी होय म्हणताच साळवेकाका उसळले.

"वा गं न्याय! माझे सहा दिवस चालत नाहीत, आणि ह्याच्या ब्रह्मदेवाचा दिवस तुझ्या पुस्तकात छापलाय!"

"शब्द उसना घेतलाय, काका. हिशोब नाही घेतला."

"पण पृथ्वीच्या वयाशी आकडा तर जुळतोय!" जोशीकाका म्हणाले.

"तुम्ही मला आवडता म्हणून सांगते, जुळत नाही. आणि जुळला असता तरी आमचे सर नुसत्या उत्तराला गुण द्यायचे नाहीत. पायऱ्या दाखवा म्हणायचे. या दगडात पुढे कुठे कुठे ग्रॅनाइट घुसलाय. घुसणारा नंतरचा, ज्यात घुसला तो आधीचा. त्या ग्रॅनाइटमध्ये असे कण आहेत जे ठरावीक वेगाने बदलत जातात. किती बदललेत ते मोजायचं, मागे जायचं. त्या पायऱ्या तुमच्या कल्पात नाहीत."

म्हणजे दोघंही माझ्यावर नाराज. खाली उतरून लिंबाची शिकंजी घेतली. साळवेकाका रूथला घेऊन लांब उभे राहिले. जोशीकाका माझ्या कानाशी आले.

"अगं, एवढं काय ताणतेस? 'हजारो वर्षांपूर्वी' म्हण. हजारोंत सहा हजारही आले, कोटीही आले. त्याचं मन राखलं जाईल, पोरीला प्रवेश मिळेल. खल्लास."

बोलणं वाईट नव्हतं, आणि माणूस तर नव्हताच नव्हता. पण त्या मुलीला ज्या विषयाला पाठवायचं, त्याच्या दारातच मी तिला चुकीचं वय सांगायचं? माझ्या आईने पाट्या उचलल्या त्या मला 'हजारो' म्हणता यावं म्हणून नाही. मी शिकंजी संपवली आणि साळवेकाकांकडे गेले.

"काका, गैरसमज झाला त्यात माझाही वाटा आहे. पण वय मी कमी करणार नाही. देव आहे की नाही हे मला कुणी परीक्षेत विचारलं नाही आणि मी रूथलाही सांगणार नाही. उद्याचा एक दिवस द्या. माझ्या तोंडचं काही ऐकू नका. फक्त दगड बघा."

"पाहुणी आहेस," ते म्हणाले. "ठरलेलं मोडत नाही मी. उद्या जाऊ. पण फॉर्मचं माझं ठरलं. कॉमर्स."

रूथने तुकडा परत रस्त्याकडेला ठेवला. नुसता टाकला नाही, ज्या बाजूने पडला होता त्याच बाजूने ठेवला. त्या क्षणी मी ठरवलं की उद्या कितीही ऊन असलं तरी त्या डोंगरावर चढायचंच.

सोहना

सोहना गाव गुरुग्रामच्या पुढे, अरवलीच्या पायथ्याशी. तिथे गरम पाण्याचं कुंड आहे. जूनमध्ये, लूचा गरम वारा वाहत असताना, माणसांना गरम पाणी दाखवायला नेणारी बाई म्हणून जोशीकाकांनी गाडी चालवता चालवता माझा भरपूर उद्धार केला. वाटेत धाब्यावर पराठे खाल्ले. पराठ्यावर लोण्याचा गोळा एवढा, की आमच्याकडे त्यात गोकुळाष्टमी झाली असती. नगरला पाहुण्याला वाढताना आग्रह तोंडाने करतात. इथे कुणी विचारतच नाही, लोणी येऊन पडतं.

कुंडात बायकांची बाजू वेगळी. गंधकाचा वास, म्हणजे सडक्या अंड्याचा. एक आजीबाई पायऱ्यांवर पाय सोडून बसल्या होत्या. त्यांनी मला सांगितलं की एका साधूने इथे तप केलं आणि त्याच्या तेजाने पाणी तापलं. त्यांच्या गुडघ्यांना गुण आला होता. मी म्हटलं, गुण आला ना, बेस. मग रूथला माझं सांगितलं, आजींनाही कळावं म्हणून हिंदीत: पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, तिथे तापतं, दुसऱ्या भेगेतून वर येतं, येताना गंधक घेऊन येतं. आजीबाईंनी ते शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "हाँ बेटी, पर भेजता कौन है?" ते सांगणं माझं काम नव्हतं. मी पाय पाण्यात सोडले.

बाहेर आले तर माझे चांदीचे पैंजण काळेठिक्कर. गंधकाच्या वाफेने चांदी काळवंडते हे मी स्वतः परीक्षेत लिहिलेलं आहे, आणि तरी पैंजण काढून ठेवायचं सुचलं नाही. साळवेकाका दोन दिवसांत पहिल्यांदा मोकळे हसले.

"साधू रागावला तुझ्यावर."

"साधू नाही काका, हायड्रोजन सल्फाइड."

"नाव बदललं म्हणून काय झालं? रागावलाच ना!"

हसण्याने हवा थोडी हलकी झाली. गाडीत बसल्यावर ते आपणहून बोलायला लागले. रात्रभर त्यांनी विचार केला असावा, कारण त्यांनी जे काढलं ते चांगलं होतं. मला मान्य करायला लाज नाही.

"आता ऐक. देवाने आदाम केला तो तान्हा केला का? नाही. मोठा माणूस केला. पहिल्याच दिवशी कुणी त्याला पाहिलं असतं तर म्हणालं असतं, हा पंचवीस-तिशीचा आहे. पण त्याचं वय एक दिवस! मग डोंगरही देवाने म्हाताराच केला असेल. तुझ्या कणांचं घड्याळ त्याने आधीच पुढे लावून ठेवलं असेल. बोल."

जोशीकाकांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "फसलीस."

मी म्हटलं, "काका, आदाम मोठा केला, मान्य. पण समजा त्याच्या गुडघ्यावर लहानपणी पडल्याची खूण असती तर?"

"लहानपण नव्हतंच त्याला. खूण कुठून येणार?"

"तेच म्हणते मी. नुसतं म्हातारं दिसणं वेगळं, आणि पडल्या-धडपडल्याच्या खुणा अंगावर असणं वेगळं. जे घडलंच नाही त्याची खूण देव कशाला काढेल? माणसाला फसवायला?"

"देव फसवत नाही," काका ताडकन म्हणाले.

"मग चला, डोंगराचे गुडघे बघू."

गावावरचा डोंगर

चढ फार नाही, पण ऊन असं की दगडावर हात टेकवत नव्हता. कीकर आणि धौ यांच्या झाडांची सावली म्हणजे नावाला. जोशीकाका दर वळणावर थांबून देखावा बघायचे, म्हणजे धापा टाकायचे. खाली नव्या इमारतींचे मनोरे, मधे हायवे, आणि आम्ही उभे होतो त्या खडकाच्या मानाने हे सगळं काल संध्याकाळचं.

मला हवी होती ती जागा एका ओघळीच्या कडेला मिळाली. आडव्या फळीसारखा खडक, आणि त्याच्या पाठीवर बारीक बारीक वळ्या. एकामागे एक, बोटभर अंतराने. नदीकाठी पाणी ओसरल्यावर वाळूवर उमटतात तशा हुबेहूब. फक्त दगडाच्या. मी ठरवलं होतं तसं तोंड मिटून ठेवलं.

काकांनी वाकून हात फिरवला. त्यांचं बालपण नदीकाठचं. त्यांना सांगायला लागलंच नाही. "या तर लाटांच्या वळ्या आहेत."

"हो."

"पाणी होतं इथे."

"हो."

ते ताठ उभे राहिले. घामाने शर्ट अंगाला चिकटलेला, आणि चेहऱ्यावर असा आनंद की मी घाबरले. "अगं, मग हे तर माझं झालं! जलप्रलय! सगळे डोंगर पाण्याखाली गेले असं आम्ही लहानपणापासून सांगतो, आणि डोंगरावर हे पाण्याचं शिक्कामोर्तब! तू मला तुझं दाखवायला आणलंस आणि माझंच दाखवलंस!"

जोशीकाका खाली सावलीतून म्हणाले, "साळवेसाहेब जिंकले वाटतं."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात रूथचा आवाज वरून आला. ती कधी पुढे चढून गेली मला कळलंच नव्हतं. "पप्पा, इकडे या ना. ताई, तुम्ही पण. ये क्या है?"

तिथे त्याच खडकाचा वरचा एक थर उघडा पडला होता. त्यावर वळ्या नव्हत्या. जाळं होतं, पाच-सहा कोपऱ्यांचे तुकडे आणि मधल्या रेघा वाळूने भरलेल्या. मला पाहताक्षणी कळलं. आमच्याकडचे तलाव एप्रिलमध्ये असेच दिसतात. पण मी मुद्दाम म्हटलं, "तुला काय वाटतं?"

ती उकिडवी बसली. बराच वेळ बोट फिरवत राहिली. "कीचड़ आहे. म्हणजे... चिखल. सुकलेला. सुकून तडकलेला." मग तिने वर पाहिलं, खाली पाहिलं. "खाली वळ्या. मग हा सुकलेला चिखल. ह्याच्या वर परत वळ्या, आणि त्या तिरक्या आहेत, दुसऱ्या बाजूने. त्याच्या वर परत..." ती थर मोजायला लागली आणि सोडून दिलं. ते वरपर्यंत जात होते.

"पाणी चढलं, उतरलं, परत चढलं," काका म्हणाले. "प्रलयच तो. असं होणारच."

"पण पप्पा, वाळायला वेळ कधी मिळाला?"

"म्हणजे?"

"चिखल वाळून तडकायला ऊन पाहिजे ना? पाणी वर असताना तडकणार कसा? पाणी गेलं, ऊन पडलं, तडकला, मग परत पाणी आलं. आणि असं एकदा नाही, इतक्या वेळा." ती बोटाने एकेक थर दाखवत गेली. "नोहा तर तारवातून एकदाच उतरला ना?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "हे तू हिला शिकवून आणलंस?"

मी काही बोलायच्या आत रूथच म्हणाली, "ताईंनी नाही शिकवलं. नोहाचं तुम्हीच शिकवलंय मला. रविवारच्या शाळेत. चित्र काढून."

"जोश्या," काका खाली न बघता म्हणाले, "तू तुझं ते कल्पाचं आत्ता काढू नकोस."

"मी गप्पच आहे यार," जोशीकाका म्हणाले.

साळवेकाका गुडघ्यावर बसले. एका भेगेवर बोट ठेवलं, मग खालच्या वळीवर, मग वर हात पोचेल तिथपर्यंतच्या थरांवर, एकेक करून. ते काय करत होते ते मी ओळखलं. ते उत्तर शोधत होते; टाळत नव्हते. माझ्या जिभेवर सगळं तयार होतं, ग्रॅनाइट, कण, कोटी. पण इथे आता माझं काम नव्हतं. बाप आणि मुलगी यांच्या मधे एक दगड होता, आणि तो पुरेसा होता.

"मला पटलेलं नाही," काका शेवटी म्हणाले. "शंभर कोटी मला पटत नाहीत. उद्याही पटणार नाहीत."

रूथने मान खाली घातली.

"पण हिने विचारलं त्याचं उत्तर माझ्याकडे आत्ता नाही. आणि उत्तर नसताना पोरीला गप्प बसवायचं, असं मला माझ्या देवाने शिकवलेलं नाही." त्यांनी खिशातून फोन काढला आणि तिच्यापुढे धरला. "तुझ्या फॉर्मचा ओटीपी ह्याच्यावरच येतो ना? घे. भर तुला काय भरायचं ते. रविवारी उपासनेला यायचं, तेवढं मात्र मोडायचं नाही."

तिने फोन घेतला, पण लगेच काही केलं नाही. "पप्पा, तुम्हाला उत्तर सापडलं तर?"

"सापडेलच."

"मग?"

"मग तुलाच आणून दाखवीन. बरोबर की चूक, ते तू तपासायचं. तोपर्यंत तपासायला शीक."

रूथ वळ्यांच्या खडकावर बसली आणि उन्हात स्क्रीन दिसेना म्हणून ओढणी डोक्यावर घेऊन तिच्याखाली फोन धरला. साळवेकाका तिच्या शेजारी टेकले, बूट काढले आणि त्यात गेलेले खडे झाडायला लागले. एक खडा त्यांनी टाकला नाही. उजेडात धरला, फिरवून पाहिला आणि ओढणीच्या आत हात घालून विचारलं, "हा कसला आहे गं?"